गोल झालेले रक्त

समाजमंदिरात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यापासून या नव्या गावठाणात इतकी माणसे एका छपराखाली जमली नव्हती, लग्नालाही नाही. समोर पांढरा पडदा होता आणि पडद्यावर तुलारामचे रक्त.

तुलाराम मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीत त्यांना पिवळे कार्ड मिळाले होते. पडद्यावर आधी विळ्यासारख्या वाकड्या, टोकदार पेशी दिसल्या. मग तुलाराम खुर्चीवर बसले, तांब्याच्या दोन पट्ट्यांवर तळहात ठेवले, पट्ट्यांना जोडलेली विजेची पेटी सात मिनिटे घुमली. बोटातून नवा थेंब निघाला, काचेवर गेला, आणि पडद्यावरच्या पेशी गोल. एकूण एक गोल. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. तिच्या मागे सगळेच उभे राहिले.

“हात जोडू नका,” पेटीवाले भुपेंद्र म्हणाले. “मी बाबा नाही. मी संशोधक आहे.”

खरोखरच त्यांच्या कपाळी अंगारा नव्हता. पांढरा कोट होता, कॅमेरा बसवलेला सूक्ष्मदर्शक होता. लिंबू-मिरचीवाला आला असता तर या गावाने त्याला चहाही पाजला नसता. भुपेंद्र बोलत ते वेगळेच. सूर्याच्या पोटात जी ऊर्जा तयार होते ती पृथ्वीवर तयार करायला मोठमोठ्या देशांचे इंजिनिअर झटत आहेत. त्याच ऊर्जेचा एक बारीक तरंग माणसाच्या जीनपर्यंत पोहोचतो. परदेशात जीन दुरुस्त करून सिकलसेल बरा करतात, खोटे वाटत असेल तर मोबाइलवर बघा.

लोकांनी बघितले. ते खरे होते. सूर्यासारखी ऊर्जा तयार करण्याचे संशोधन चालू आहे, हेही खरे. रुग्णाच्या मूळ पेशी काढून, त्यांतले जनुक दुरुस्त करून परत शरीरात सोडण्याच्या उपचाराला काही देशांत मान्यता मिळाली आहे, हेही खरे. त्यासाठी कर्करोगावरची जहाल औषधे घ्यावी लागतात, कित्येक आठवडे दवाखान्यात काढावे लागतात, हे त्याच पानावर खाली लिहिले होते. तेवढे खाली कोणी गेले नाही. भुपेंद्र यांनी दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या जागेत आपली पेटी ठेवली होती.

शकुनच्या मुलीचे, चंदाचे कार्ड लाल. पिवळे कार्ड वाहकाचे, लाल कार्ड रोग्याचे. नऊ वर्षांची चंदा खुर्चीवर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पेटी घुमल्यावर तिच्याही पेशी गोल झाल्या, मात्र दोन-चार वाकड्या राहिल्या. राहिलेले काम तीन बैठकांत होईल, असे भुपेंद्र म्हणाले. दवाखान्याच्या रोजच्या गोळ्या मात्र आजपासून बंद, कारण गोळी तरंग अडवते. शकुनने घरी जाऊन गोळ्यांची डबी उतरंडीच्या मागे टाकली.

पेटी गावात आल्याच्या सातव्या दिवशी खुर्चीवर ज्योत्सना बसली.

ज्योत्सना तिथल्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ. वय एकोणतीस, कार्ड लाल. मासे धरणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या या मुलीला पाण्यात उतरता येत नसे. गार पाणी लागले की हाडे ठणकू लागत आणि दोन दिवस अंथरूण सुटत नसे. आई-वडील गेले होते, भाऊ नागपूरला होता. तीन स्थळे आली आणि कार्डाचा रंग विचारून तिन्ही परत गेली. सणावाराला बायका तिला आठवणीने बोलावत, पण पाण्याचे काम सांगत नसत; आणि पाण्याचे काम सोडले तर त्या घरांत तिने करावे असे काही उरत नसे. मग ती ओट्यावर बसून राही आणि जेवून घरी जाई.

अशी बाई, तीही रक्त तपासण्यात आयुष्य घालवणारी, त्या खुर्चीवर कशी बसली? तिने नंतर सरळ सांगितले, “माह्यं रक्त गोल असलेलं मी कवाच पाह्यलं नव्हतं.”

पडद्यावर तिने ते पाहिले. घरी पोहोचेपर्यंत तिने मनातल्या मनात एकदा तलावात गुडघ्यापर्यंत उतरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी केंद्राचे दार उघडताना तिला एक वास आठवला. समाजमंदिरात रक्त घेताना नेलपॉलिशचा वास येत होता. समोर बसलेल्या बायकांचे हात जाळे ओढून आणि मासे सोलून झिजलेले. त्यात रंगवलेले नख एकही नव्हते. मग नेलपॉलिश कोणाचे?

सिकलसेलची पहिली तपासणी आता नळीत होते. पण ज्योत्सना शिकत होती तेव्हा काचपट्टीची जुनी पद्धत शिकवली जाई. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे पाणी मिसळायचे, वर पातळ काच ठेवायची, आणि हवा आत जाऊ नये म्हणून काचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करायच्या. ते औषध रक्तातला प्राणवायू खाऊन टाकते. प्राणवायू संपला की दोष असलेले हिमोग्लोबिन ताठरते आणि पेशी वाकते. याला अर्धा तास लागतो. भुपेंद्र पहिला थेंब घेतल्यावर ‘रक्त शांत होऊ द्या’ म्हणत आणि प्रवचन सुरू करत. प्रवचनही अर्ध्या तासाचे असे.

तिने आपलेच बोट टोचले. एकाच थेंबाचे दोन भाग केले. एका काचेवर औषध घालून कडा बंद केल्या, अर्धा तास वाट पाहिली. पेशी विळ्यासारख्या वाकल्या. दुसऱ्या काचेवर औषध नव्हते, आणि त्यातल्या पेशी बहुतेक गोल होत्या, दोन-चार वाकड्या. खोलीत पेटी नव्हती, तांब्याच्या पट्ट्या नव्हत्या. हा आजार असलेल्या माणसाचे रक्त उघड्या हवेत बरेचसे गोलच दिसते. ते वाकते शरीराच्या आत, जिथे प्राणवायू कमी पडतो, आणि तिथेच अडकून दुखवते. आजारी माणसाची काच औषध न घालता बघण्याचे तिला कधी कारणच पडले नव्हते. म्हणून इतक्या वर्षांत ती हे शिकली नव्हती.

बाहेर रुग्णांची रांग लागली होती. तिने दोन्ही काचा बाजूला ठेवल्या आणि पहिले नाव पुकारले.

पुढची बैठक अकराव्या दिवशी होती. ज्योत्सना दोन काचा, औषधाची कुपी आणि नेलपॉलिश घेऊन गेली.

“तुलारामकाका, तुमी बरे झाले ना?”

“शंभर टक्के.”

“मंग बोट द्या.”

सारखे टोचल्याने तरंग तुटतो, असे भुपेंद्र म्हणाले. तुलाराम हसले. “तुटला त तुमी जोडून देसान. पोरीले लहानपनापासून पाहून राहिलो, करू द्या तिले.”

तिने एका थेंबाचे दोन भाग केले. एकात औषध घातले, त्या काचेच्या कडांवर नेलपॉलिश फिरवू लागली. मागून कोणी तरी म्हणाले, “काचेले नवरी करून राहिली काय वो?” हशा पिकला. ज्योत्सनाचा हात थांबला नाही. “हो,” ती म्हणाली, “तिचं त होऊ द्या.” हशा चटकन विरला.

अर्धा तास लोक बसून होते. पेटीला कोणी हात लावला नाही. मग तिने भुपेंद्र यांच्याच सूक्ष्मदर्शकाखाली आधी उघडी काच दाखवली: सगळ्या पेशी गोल. नंतर बंद काच लावली. पडदाभर विळे.

“म्हंजे मी बरा नाई झालो?” तुलारामांचा आवाज बारीक झाला होता.

“काका, तुमी बिमारच नव्हते. पिवळं कार्ड वाहकाचं असते. तुमच्या आंगात त्या पेशी सहसा वाकतच नाई. यायच्या औषधानं वाकवल्या, आन दुसऱ्या थेंबात औषध टाकलंच नाई.”

शंकेने रक्त वाकते, असे भुपेंद्र म्हणाले. हे वाक्य त्यांनी आणखी तीन वेळा म्हटले. मग तुलारामच उठले आणि म्हणाले की दोन्ही थेंबांत तुमच्या टेबलावरचे तेच औषधाचे पाणी टाका, पेटी लावून दुसरा थेंब गोल करून दाखवा, मी पुन्हा बसतो. भुपेंद्र म्हणाले, पेटी तापली आहे. दुपारी त्यांची गाडी गावात नव्हती. पोलिसांत तक्रार दिली गेली. अर्जावर सही एकट्या ज्योत्सनाची होती.

कोणी तिची पाठ थोपटली असेल असे वाटत असेल, तर तसे झाले नाही. स्वतःचे बरे झाले नाही म्हणून दुसऱ्याचे पाहवत नाही, असे दोघी-तिघींनी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. शकुन चंदाचा हात धरून तिच्याकडे न बघता गेली. शकुनच्या हातातून ज्योत्सनाने काही तरी काढून घेतले होते, हे खरेच होते.

संशोधन होत आहे आणि ते अद्भुतच आहे. पण ज्याला खरे काही सापडते तो दोन्ही थेंबांना एकसारखेच वागवतो, आणि तिसऱ्याने तपासायला मागितले तर काच पुढे करतो. उद्या कोणी पडदा लावून रक्त, पाणी किंवा ऊर्जा दाखवू लागला, तर त्याला एवढेच विचारावे: पहिल्यात जे टाकले, तेच दुसऱ्यात टाकले का? हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. ज्याला बरे होण्याची घाई आहे त्याला तो विचारणे फार जड जाते, आणि म्हणून शेजाऱ्याने विचारावा.

तीन दिवसांनी शकुन केंद्राच्या खिडकीशी आली. चंदाचे हात रात्रीपासून दुखत होते. ज्योत्सनाने दोघींना डॉक्टरांकडे नेले, सलाइन लागले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. संध्याकाळी पोर झोपल्यावर शकुन प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली.

“ते परदेशातलं जीन दुरुस्त करनं खरं हाये म्हनते. मंग आपल्याकडं येईन काय?”

“येईन, वैनी. कवा येईन ते मले ठाऊक नाई. तवर चंदाले टिकवून ठेवा लागन.”

शकुनने काचपट्ट्यांच्या डब्यांवरून नजर तिच्याकडे वळवली.

“आन तुले कोन टिकवते?”

शकुनने माठातले पाणी पेल्यात घेतले आणि तिच्यापुढे धरले.

“आजची गोळी घेतली काय? नसन घेतली त घे, माह्यासमोर.”