पहिल्या रांगेतली छत्री

नाताळच्या जेवणानंतर देल्माबाईंनी जाहीर केले की, येत्या ऑगस्टात आपण बेल्लारियाच्या समुद्रकिनाऱ्यावर येणार नाही, कारण आपले गुडघे आता वाळूत चालायला तयार नाहीत. तेव्हा मोदेना शहरातल्या घरी त्या टेबलावर हळहळ व्यक्त करण्यात दोघी मुलींपैकी एकीनेही कसूर केली नाही. मात्र थोरल्या नीवेसच्या मनात त्या क्षणी जो विचार उभा राहिला, तो आईच्या गुडघ्यांचा नव्हता. तो पहिल्या रांगेतल्या छत्रीचा होता.

समुद्र सगळ्यांना सारखाच, असे तिचा नवरा इवानो नेहमी म्हणे. नीवेसच्या मते हे म्हणणे मुळातच चुकीचे होते. पहिल्या रांगेतल्या माणसाला समुद्र दिसतो. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला पहिल्या रांगेतला माणूस दिसतो. वडिलांनी दर उन्हाळ्यासाठी भाड्याने घेतलेली ती पुढची छत्री त्यांच्यामागे आईकडे आली, आणि तिच्याखालची दुसरी आरामखुर्ची, मूल तान्हे आहे या सबबीवर, धाकट्या मिरनाला मिळाली. ते मूल आता मोटारसायकल चालवीत होते, तरी खुर्ची मिरनाचीच होती. गेली कित्येक वर्षे नीवेस तिसऱ्या रांगेतून जे पाहत आली होती तो आद्रियातिक समुद्र नव्हता. ती मिरनाची गव्हाळ पाठ होती आणि त्या पाठीला तेल चोळणारा आईचा हात होता.

आता आई येणार नाही म्हटल्यावर छत्री कोणाकडे जाणार, हे कोणी बोलले नाही. बोलण्याची गरजच नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि नीवेसला सलत होते ते नेमके हेच.

ईस्टरपूर्वी जागा पक्क्या कराव्या लागत. मार्चच्या एका सकाळी नीवेसने वाल्तेरला फोन केला. किनाऱ्याचा तो पट्टा वाल्तेरच्या कुटुंबाकडे तीन पिढ्या होता, आणि कोणती छत्री कोणाची हे तो पाद्र्याच्या गांभीर्याने सांभाळीत असे.

"पुढची छत्री यंदापासून माझ्या नावावर लावा," ती म्हणाली. "आईच्या नावाऐवजी."

पलीकडून वाल्तेरचा आवाज आला, तो अगदी खालच्या पट्टीत.

"अरेरे! काय सांगता, सिन्योरा नीवेस? फार वाईट झालं हो."

नीवेसला सारे लख्ख कळले. पहिल्या रांगेतले नाव माणूस जिवंत असताना बदलत नसे. त्या किनाऱ्यावर आजवर प्रत्येक नाव दफनानंतरच बदलले होते. एका वाक्यात खुलासा करता आला असता. परंतु खुलासा केला की वाल्तेर म्हणणार, मग सिन्योरा देल्मांनाच फोन करू द्या. आणि आई म्हणणार, मिरनाला द्या.

"हो ना," नीवेस म्हणाली. "फार वाईट झालं."

फोन ठेवल्यावर तिने स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केला. तो गुडघ्यांविषयीच बोलत असेल, असे मानायला जागा होती. गुडघ्यांचे वाईट झालेच होते. खोटे असे आपण काय बोललो? हा युक्तिवाद तिला स्वतःलाच फारसा पटला नाही, पण छत्री मात्र नावावर लागली. त्या रात्री तिने पोहण्याचे पोशाख काढून पाहिले. तिसऱ्या रांगेत चालून जाणारे त्यांतले दोन तिने बाजूला टाकले.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी सारे आईकडे जेवायला जमले. तोर्तेल्लिनीचा, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याचा, रस्सा नुकताच वाढला होता, तोच दाराची घंटा वाजली. देल्माबाई स्वतःच उठल्या. दारात काळ्या कोटातला एक धिप्पाड मनुष्य हातात पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ घेऊन उभा होता. त्या मुलखात कबरीवर वाहण्यापलीकडे जिला उपयोग नाही ती शेवंती पाहून बाई दचकल्या.

"कोण हवंय तुम्हाला?"

तो मनुष्य पांढराफटक पडला. "सिन्योरा देल्मा? तुम्ही?"

"मी नाही तर कोण? अगं बाई! वाल्तेर! कपड्यात ओळखलंच नाही रे तुला. आजवर तुझी लाल चड्डीच पाहिलेली."

वाल्तेरने गुच्छ पाठीमागे लपवण्याचा प्रयत्न केला. तो त्याच्या पाठीपेक्षाही रुंद होता. त्याची नजर बाईंच्या खांद्यावरून आत गेली, टेबलावर फिरली आणि नीवेसवर येऊन थांबली. देल्माबाईंनी त्या नजरेचा माग काढला. त्यांचे गुडघे गेले होते, डोके शाबूत होते.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "रस्सा गरम आहे. आणि मला सांग, मी गेले कधी?"

"सिन्योरा, तसं कोणी बोललं नाही. मीच आपला..."

"छत्री कुणाच्या नावावर लावलीस?"

वाल्तेरने चमचा उचलला आणि परत ठेवला. "सिन्योरा नीवेसच्या."

इवानोने बायकोकडे पाहिले आणि मग काहीही न पाहिल्यासारखे चीज किसायला घेतले. नीवेसचे कान तापले. आता मिरना रडेल, ओरडेल, आईच्या गळ्यात पडेल, अशी तिने अपेक्षा केली. खरे सांगायचे तर त्या रडण्याची ती थोडी वाटही पाहत होती. मिरना मात्र हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"नीवेस, अगं वेडे! आईला मारलंस ते छत्रीसाठी? मला एक फोन करायचास ना. मी दिली असती."

"दिली असतीस?"

"आम्ही यंदा येतच नाही आहोत. महिनाभर सांगीन सांगीन म्हणतेय, आईला वाईट वाटेल म्हणून जीभ उचलत नव्हती. दानिलोच्या भावानं सार्डिनिया बेटावर घर घेतलंय. रांगा नाहीत, छत्र्या नाहीत. दारातून उतरलं की पाणी, आणि माणूस म्हणून नाही."

दानिलोने, म्हणजे मिरनाच्या नवऱ्याने, मान डोलावली. "पाणी इतकं स्वच्छ की बोटीची सावली तळाला दिसते," तो म्हणाला.

जी वस्तू मिळवण्यासाठी नीवेसने आईचा मृत्यू मान्य केला होता, ती मिरनाच्या लेखी रस्त्यावर टाकण्याजोगी निघाली. तिने पहिल्या रांगेत स्वतःला बसवून पाहिले. मान वळवून मागे तिसऱ्या रांगेकडे पाहिले. तिथे कोणी अनोळखी जोडपे कलिंगड खात होते. नीवेसची पाठ त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. आणि मिरना कुठे? मिरना तिकडे पश्चिमेला, रांगाच नसलेल्या पाण्यात उताणी पडली होती.

"ते नाव खोड," देल्माबाई वाल्तेरला सांगत होत्या. "छत्री माझी. मी येतेय. गुडघे गेले खड्ड्यात. लोकांना कळू दे की मी आहे. दुसऱ्या खुर्चीवर नीवेस बसेल. सकाळी मला धरून न्यायचं, दुपारी धरून आणायचं, पाठीला तेल लावायचं. हौस होती ना पुढं बसायची?"

"बरोबर आहे, सिन्योरा," वाल्तेर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला होता आणि तो दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत होता.

नीवेसला पुढची खुर्ची मिळाली होती, तीही आईच्या तोंडून, सर्वांसमक्ष. तिने मिरनाकडे पाहिले. मिरना इवानोला दानिलोच्या फोनवर काहीतरी दाखवीत होती. निळे, हिरवट, कोणाचीही पाठ मध्ये नसलेले.

"मिरना," नीवेस म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तू घे पुढची खुर्ची. मी मागे बसते. पण ये गं, बेल्लारियालाच ये."

"आता काय झालं तुला?"

"काही नाही. घरची माणसं एकत्र असावीत."

मिरनाने तिच्याकडे जरा निरखून पाहिले, आणि मग पुढे झुकून फोन तिच्यासमोर धरला. "हे बघ तरी. ही आमची खिडकी."

नीवेसला बघायचे नव्हते. तिने चष्मा लावला आणि बघितले.

"खोल्या किती आहेत?" तिने विचारले.