नाव कापायची हजेरी

मयुरा आमच्याकडे राहायला आली तेव्हा कुमुदला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

कुमुद माझी बायको. दर शनिवारी ती गाझियाबादच्या एका बालगृहात मुलींना शिवण शिकवायला जायची. तिथेच तिला मयुरा भेटली. मयुराचे आईवडील सांगलीकडचे, करोलबागेत सोनं गाळायचं काम करायचे. दोघंही अपघातात गेले. गावाकडून कुणी न्यायला आलं नाही, म्हणून लहानपणीच पोर बालगृहात पोचली. तिचं मराठी टिकावं म्हणून कुमुद तिच्याशी मराठीतच बोलायची. अठरा पूर्ण झाली की तिथून निघावं लागतं. तेव्हा ती आपल्या नोएडाच्या घरी येईल, आपण तिला एकटं राहायला शिकवू आणि मग जाऊ देऊ, असं कुमुदने ठरवलं होतं. कुमुद गेली, पण ठरलेलं मी पाळलं.

मुलगी हुशार होती. बेकरीचं काम शिकलेली. पण फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. आंघोळीला जाऊ का विचारायची. खोलीचं दार तिने कधी आतून लावलेलं नव्हतं, म्हणून ते अर्धं उघडं ठेवूनच झोपायची. आणि दिवेलागणीला येऊन पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहायची.

"काय गं, काय झालं?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"हजेरी, काका. गिनती झाल्याशिवाय मला चैन नाही पडत."

बालगृहात रोज संध्याकाळी वॉर्डन दीदी एकेकीचं नाव घ्यायची. सगळ्यांची उत्तरं आली की गेटला कुलूप. मला हसू आलं. म्हटलं, चल, घेऊ. "मयुरा."

"ऐसे नहीं. दीदीसारखं घ्या ना, गुस्से में. तुम्ही तर भाजीवाल्याला बोलावताय."

मी आवाज चढवला. ती खूश होऊन "हाज़िर" म्हणाली आणि आत गेली. मग ते रोजचंच झालं. मलाही बरं वाटायचं. बायको गेल्यापासून या घरात मी मोठ्याने बोललोच नव्हतो.

एका संध्याकाळी उत्तर देऊनही ती हलली नाही.

"काकूंचं नाव नाही घेतलं तुम्ही."

"काकू कुठे आहेत आता, बाळ?"

"शनिवारी आम्ही त्यांचं पण नाव घ्यायला लावायचो दीदीला. त्या 'हजर' म्हणायच्या. सगळ्या हसायच्या, हाज़िर नहीं, हजर." मग तिने विचारलं, "त्यांचं नाव कापलं होतं का?"

मला कळलं नाही. तिने सांगितलं. मुलगी बालगृह सोडते त्या संध्याकाळी तिचं नाव शेवटचं घेतात. सामान घेऊन ती समोरच उभी असते, पण उत्तर देत नाही. गप्प राहते. मग नाव कापलं जातं आणि ती जाऊ शकते.

"तुम्ही घेतलं होतं का असं?"

"नाही."

"मग त्या इथेच आहेत," ती म्हणाली. जसं कुणी सांगावं, चप्पल दारातच आहे.

पोरीचं समाधान व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं. नाव घेऊ, कुणी बोलणार नाही, झालं. मी तिचं पूर्ण नाव घेतलं, "कुमुदिनी."

"हजर," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मयुरा माझ्यासमोर होती. तिचे ओठ हलले नव्हते. ती हसली आणि आपल्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरात गेलो. ओटा पुसलेला, गॅस बंद, खिडकीबाहेर धुरकट अंधार. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बिस्किट खायला दिलं, तोंड भरलेलं असताना कुमुदचं नाव घेतलं. आवाज आला. बालगृहात मुली एकमेकींच्या खोट्या हजेऱ्या लावायच्या, हे तिनेच मला सांगितलं होतं. पण हा आवाज मी चाळीसेक वर्षं ऐकलेला. कुमुद कामात असली की मान न वळवता उत्तर द्यायची, तसा.

मी दिवसभर दिवेलागणीची वाट बघायला लागलो. मयुरा घरी नसताना नाव घेऊन पाहिलं, काही आलं नाही. ती भिंतीला टेकून उभी असेल तरच यायचं.

मयुराला गुरुग्रामच्या एका हॉटेलच्या बेकरीत काम मिळालं होतं, जवळच मुलींच्या हॉस्टेलमध्ये खोलीही. मी म्हटलं, थोडं थांब, थंडी जाऊ दे. ती लगेच कबूल झाली. तिलाही जायचं नव्हतंच. तिकडे हजेरी कोण घेणार?

बालगृहातल्या संपदा मॅडमचा फोन आला. "काका, सोमवारी ती रुजू झाली नाही तर जागा दुसरीला देतील. अशा मुलींना दुसरी संधी कुणी देत नाही हो. तुमचं घर म्हणजे आणखी एक बालगृह नका करू."

मी फोन ठेवला. मयुरा दारात उभी होती. "काका, पाणी पिऊ?" तिने विचारलं. इतके दिवस राहून ती अजून पाणी विचारून पीत होती. रोज संध्याकाळी मीच तिला भिंतीला उभं करत होतो. मी म्हटलं, "रविवारी सामान बांध."

रविवारी दिवेलागणीला ती बॅग घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिली. हॉस्टेलचं गेट नऊला बंद होणार होतं. तिचे डोळे भरले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. रीत तिला ठाऊक होती.

"मयुरा," मी हाक दिली.

"हजर."

स्वयंपाकघरातून. मयुराने बॅग खाली ठेवली.

"काकूंनी माझी हजेरी लावली. नाव नाही कापलं गेलं, काका. आता मी कशी जाऊ?"

"परत घेतो."

घेतलं. पुन्हा तेच उत्तर, या वेळी जवळून, दाराच्या चौकटीतून. मयुरा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसायला लागली. मी तिचा दंड धरून तिला उभं केलं आणि स्वयंपाकघराकडे वळलो. समोर रिकामी चौकट होती. मी त्या चौकटीशीच बोललो.

"कुमुद, खोटी हजेरी लावू नकोस. ती जाणार, हे तूच ठरवलं होतंस. तुला ठेवायची आहे, मलाही आहे. पोरीला जाऊ दे."

आत भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"मयुरा."

कुणी बोललं नाही. मी थांबलो, चांगला वेळ थांबलो. कुणी बोललं नाही. तिने बॅग उचलली.

"काकूंचं नाव राहिलं," ती दारात म्हणाली.

"ते माझं मी बघेन. मेट्रो चुकेल, चल."

स्टेशनच्या जिन्यापर्यंत मी बॅग घेतली, वर ती एकटी गेली. परत आलो तेव्हा घरात अंधार होता. दिवा लावला नाही. पॅसेजमध्ये, ती उभी राहायची त्याच जागी, भिंतीला टेकून उभा राहिलो. पाठीला भिंत कोमट लागली. स्वयंपाकघरातून कुमुदच्या आवाजात माझं नाव घेतलं गेलं, हजेरीत घेतात तसं.

मयुराने मिटले होते तसे मी ओठ मिटून घेतले.