डाव्या बोटावरचा बिब्बा

नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या वाचनालयाच्या लोकांची मला किळस येते, आणि त्या लोकांत पहिला मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी माझ्याबद्दल उगाच बरं मत करून घेऊ नये.

साल १९७६. आणीबाणीला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. पेपरात आपल्या देशाबद्दल वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. वीस कलमं, नसबंदीचे आकडे आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या. मी अख्खी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली, तेव्हा गाड्या किती वेळेवर धावत होत्या ते मला विचारा. अमेरिकेतली निवडणूक मात्र रकानेच्या रकाने भरून यायची. तिच्यावर कात्री चालवायचं कोणाला कारण नव्हतं. आमच्या निवडणुका पुढं ढकललेल्या, म्हणून आम्ही दुसऱ्याच्या निवडणुकीवर भूक भागवत होतो.

रोज संध्याकाळी वाचनालयात बैठक भरे. अध्यक्ष महादेवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शब्द तोलून बोलणारे. रुपराव धान्याचे व्यापारी, कळमेश्वरकडे शेती. मी चिटणीस, म्हणजे झाडूपासून ठरावापर्यंत सगळं माझ्याकडं. अमेरिकेतला एक उमेदवार खुर्चीवर बसलेला होता आणि दुसरा भुईमुगाचा शेतकरी. रुपरावांनी त्या दुसऱ्याला लगेच सोयरा करून घेतलं. शेंगा लावणारा माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाजारात त्यांच्या स्वतःच्या शेंगांच्या पोत्यात तळाशी किती माती भरलेली असे ते आम्हाला ठाऊक होतं, पण कोण बोलणार? सगळे त्याला शेंगदाणेवालाच म्हणू लागले.

हा शेंगदाणेवाला मानवी हक्कांबद्दल बोलतो, म्हणून महादेवराव त्याच्यावर फिदा होते. चिलीत काय चाललंय, रशियात लेखकांना कुठं कोंडतात, हे त्यांना पाठ होतं. एकदा टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "बिना खटल्याचं माणसाले कोंडून ठेवणं हे जनावरपणा आहे. अन् जो हे सांगते, तोच जगाचा पुढारी व्हाले पायजे."

आम्ही माना डोलावल्या. त्यांच्या पाठीमागं वाचनालयाचा काळा फळा होता. तो भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. सोळा महिन्यांपासून तसाच.

त्या फळ्याचं सांगायलाच हवं. त्यावर आम्ही रोज एक सुविचार लिहायचो. लिहायचे मनोहरराव, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं. हायस्कुलात मास्तर होते, आमच्याबरोबर वाचनालय उभं करणाऱ्यांतले. पंच्याहत्तरच्या जुलैत एका सकाळी फळ्यावर वाक्य आलं, "ज्या घरात बोलायची बंदी, ते घर नव्हे, कोंडवाडा." दुपारी पोलीस आले. हे अक्षर कोणाचं म्हणून विचारलं. मनोहरराव म्हणाले, माझं. वाक्य कोणाचं, तर ते म्हणाले, फळ्यावर मी लिहिलं, आणखी काय पाहिजे? त्यांना मिसा कायद्याखाली धरलं आणि वर्धा रोडवरच्या जेलात टाकलं. आमच्या इथून सायकलनं वीस मिनिटं.

वाक्य माझं होतं. आदल्या संध्याकाळी मी ते मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं होतं, आणि पोलीस आले तेव्हा मी चार हातांवर मासिकांच्या फायली लावत उभा होतो. मनोहररावांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर पोलिसांनीही पाहिलं असतं, म्हणून पाहिलं नाही. मी फायली लावत राहिलो.

त्यांच्या घरी बायको गोपिका आणि म्हातारी आई जिजाबाई. पगार बंद झाल्यावर गोपिकावहिनी पोरींच्या शिकवण्या घेत. म्हातारी ओसरीवर बाजेवर पडलेली असे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारी. मला तर रोजच. दिवाळी होऊन आठवडा झाला, तेव्हा तिचं अन्न तुटलं होतं, तरी हाक आलीच.

"काहून गा शालिकराम, माया मनोहर कधी येऊन राहिला?"

"येईल माय, येईल," मी म्हणालो आणि पुढं निघालो. मला घाई होती. त्या दिवशी आमचं मतदान होतं.

कल्पना महादेवरावांची. तिकडं मंगळवारी मतदान, तर आपण रविवारी इथं घ्यायचं. नागपूरच्या सुजाण नागरिकांचा कौल कोणाला, ते कळलं पाहिजे. मी चिठ्ठ्या कापल्या, बिस्किटाच्या डब्याला भोक पाडून पेटी केली, मतदारयादी केली. अंगात आलं म्हणजे माणूस काय काय करतो. शेवटी शाईवर गाडी अडली. बोटाला खूण नाही तर ते मतदान कसलं, असं महादेवराव म्हणाले. दौतीची शाई पुसली जाते. तेव्हा रुपरावांना आठवलं की परीट कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करतो आणि ती शंभर धुण्यांत जात नाही. परटाकडून बिब्ब्याचं तेल आणलं. बिब्बा अंगावर उततो हे खेड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. रुपरावांनाही माहीत होतं, पण एवढासा ठिपका काय करतो, म्हणाले. मी बाभळीच्या काट्यानं प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर नखाशी एक ठिपका दिला. सरकारी मतदानात डाव्याच बोटाला देतात, म्हणून आम्हीही डाव्याच. शेवटचा ठिपका माझा मी घेतला.

एकतीस मतं पडली. सत्तावीस शेंगदाणेवाल्याला, चार खुर्चीवरच्याला. मग ठराव झाला. जगातल्या सर्व देशांत विनाचौकशी डांबलेल्या बंदिवानांबद्दल हे वाचनालय सहानुभूती व्यक्त करीत आहे. मसुदा माझाच. सर्व देशांत लिहिताना माझा हात थोडा अडला, मग मी कंसात चिली, रशिया वगैरे घातलं आणि हात सुटला.

बुधवारी बिब्बा उतला. बोटं सुजली, फोड आले, खाज अशी की जेवण सुचेना. कोणी खोबरेल लावलं, कोणी चिंध्या बांधल्या. पण त्याच संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की शेंगदाणेवाला निवडून आला. रुपरावांनी बर्डीच्या बाजारातून पेढे आणले. पंधरा-वीस माणसं बांधलेली बोटं वर करून पेढे खात होती आणि एकमेकांचं अभिनंदन करत होती, जणू अमेरिका आमच्या मतांवाचून अडली होती.

तेवढ्यात गोपिकावहिनी आल्या. हातात एक छापील कागद. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, कारण वाचनालयात बाया येत नसत.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. डॉक्टर म्हणाले, म्हातारीचे दोन-चार दिवस. मनोहररावांना चार दिवस पॅरोलवर सोडायला जिल्हा कचेरीतले साहेब तयार आहेत. पण वस्तीतल्या दोन घरमालकांनी हमी दिली पाहिजे की हा माणूस मुदत संपली की परत जेलात हजर होईल. कचेरी उद्या अकराला उघडते. दोन सह्या.

वाचनालयात त्या वेळी मला धरून नऊ घरमालक होते. मी मोजले नाहीत, पण सोसायटीच्या प्लॉटांची यादी माझ्याकडंच असे.

कोणी पेढा तोंडात धरला, कोणी रेडिओचा आवाज कमी केला. कागदावर नाव लागलं की ते पोलिसांच्या फायलीत जाणार, पेन्शन थांबेल, दुकानावर धाड येईल, हे सगळ्यांच्या मनात एकदमच आलं. माझ्या मनात त्याहून वाईट आलं. सही केली आणि कोणी विचारलं की याचा एवढा पुळका तुम्हाला का, तर फळ्यापर्यंत गोष्ट येईल.

महादेवरावांनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि बांधलेलं बोट पुढं केलं. मानवी हक्कांवर बोलताना जो आवाज निघे, तोच आवाज.

"वहिनी, आमची काहीच हरकत नव्हती. पण हे बोट पाहा ना. पेन धरताच येऊन नाही राहिलं."

रुपरावांनी आपलं बोट दाखवलं. म्हणाले, दोन दिवसांनी उतार पडला की नक्की. मग एकेकानं दाखवलं. चिंध्या बांधलेली बोटं, सगळी डावी. कागद फिरत फिरत माझ्याकडं आला. मी चिटणीस. वाचनालयातल्या प्रत्येक कागदावर शेवटची सही माझीच असायची. आणि मी, ज्याचं वाक्य होतं त्यानं, आपलं सुजलेलं बोट वर केलं.

वहिनींनी माझ्या बोटाकडं पाहिलं. मग माझ्या दुसऱ्या हाताकडं. त्या हातात पेढा होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमी सही डाव्या हातानं करता काय?"

त्यांनी माझ्या हातून कागद घेतला आणि गेल्या. पाच मिनिटांनी रेडिओ पुन्हा मोठा झाला. महादेवराव म्हणाले, बायकांना परिस्थिती कळत नाही. मी हो म्हणालो.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तेसुद्धा आम्हाला मोठं होईल. कोरडा पाषाण निदान पेढे तरी खात नाही.

मधले दोन दिवस मी ओसरीसमोरून गेलो नाही. मागच्या गल्लीनं जायचो. एकदा मनात आलं, उठावं आणि सही करून यावी. चपलासुद्धा घातल्या. मग बोट ठणकलं आणि मी त्या ठणक्याचे आभार मानून परत बसलो.

शनिवारी सकाळी जिजाबाई गेली. दुपारी पोलिसांची गाडी आली आणि मनोहररावांना दोन तासांसाठी घेऊन आली. हमीपत्राची गरज पडली नाही. मेलेली आई पाहायला हमी लागत नाही, जिवंत आई पाहायला लागते.

मयतीला जायलाच हवं, म्हणून आम्ही गेलो आणि कुंपणाशी एका बाजूला उभे राहिलो. हवालदाराची नजर चुकेल अशा बेतानं. मनोहरराव निम्मे झाले होते, दाढी पांढरी. त्यांनी आईच्या तोंडात पाणी घातलं. मग उठून आमच्याकडं आले, एकेकाला हात जोडले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि चिंधी त्यांच्या लक्षात आली. मग महादेवरावांची, मग रुपरावांची.

"काहून गा, बोटायले काय झालं?" त्यांनी काळजीनं विचारलं. "मोहल्ल्यात काही साथ आली काय?"

उत्तर दारातून आलं.

"साथ नाही," गोपिकावहिनी म्हणाल्या. "यायनं अमेरिकेच्या अध्यक्षाले मत देल्लं."

मनोहररावांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर सोळा महिन्यांपूर्वीचा जुना हुरूप आला. आतमध्येही पेपर येतो, म्हणाले, आम्हीही रोज वाद घालतो. आपल्या मतदानात कोण आला, ते त्यांनी विचारलं. शेंगदाणेवाला, सत्तावीस मतं, असं रुपराव पुटपुटले.

"बरं झालं," मनोहरराव म्हणाले. "वाचनालयाचं डोकं अजून ठिकाणावर आहे."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मला सोसला असता.

घाटावरून परत आल्यावर हवालदारानं घड्याळ पाहिलं आणि एक वही काढली. कैद्याला आणलं, वेळेत परत ताब्यात घेतलं, असा पंचनामा. त्याला पंच पाहिजेत, म्हणाला, इथलेच दोन. कोणी घरमालक आहे का तुमच्यात? असं म्हणून त्यानं थेट महादेवरावांकडं बोट केलं आणि मग माझ्याकडं.

महादेवरावांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली. खाली तारीख घातली, कंसात निवृत्त उपअभियंता लिहिलं. पेन माझ्याकडं दिलं. मनोहरराव गाडीत बसले होते. गोपिकावहिनी दारात उभ्या होत्या, बाजेवरची गोधडी हातात घेऊन, आणि माझ्या उजव्या हाताकडं पाहत होत्या.

मी वही कुंपणाच्या दगडावर ठेवली आणि सही केली. पूर्ण नावाची, रेल्वेत करायचो तशी, शेवटी रेघ ओढून. बोट जराही दुखलं नाही.