बाद

चेंडू बाईंच्या मांडीवर आपटला, घरंगळत खाली गेला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“वा आई, आज तर हातात आलाच होता,” सून म्हणाली. मुलाने दारातूनच हसून मान डोलावली. नात टेबलाखाली शिरली, चेंडू घेऊन आली आणि आजीच्या ओंजळीत असा ठेवला, जणू आजीनेच तो झेलला होता.

बाईंनी तो तिला परत दिला. “पुरे आज,” म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

समोर स्टुलावर बसलेल्या व्यायामाच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. कालच्यापेक्षाही आज लवकर आटोपलं होतं. अर्धांगाच्या झटक्याने बाईंची उजवी बाजू मंदावली होती आणि ती पुन्हा कामाला लावायला डॉक्टर रोज संध्याकाळी येत. त्यांचा स्वतःचा एक पाय जन्मापासून आखूड. त्या पायातल्या बुटाचा तळ वीटभर जाड. शाळेत याच बाईंनी त्यांना खेळ शिकवला होता. बाई आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी हे काम मागून घेतलं. पहिल्या दिवशी जिन्यावर त्यांचा बूट वाजला आणि आतून बाईंचाच आवाज आला होता, “कोण रे? चाल ओळखीची वाटते.”

त्या दिवशी बाई खूप बोलल्या होत्या. आता बोलणं आटलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे भांडणंही आटली होती. ज्या बाईंच्या शिट्टीने मुख्याध्यापकसुद्धा दचकत, त्या आता ‘बरं’ म्हणत. कशालाही बरं. डॉक्टरांना त्या ‘बरं’चीच धास्ती वाटत होती.

बाहेर व्हरांड्यात मुलगा त्यांच्याशी हळू आवाजात बोलला. सोमवारी चाकांची खुर्ची येणार होती. आई आयुष्यभर धावलीच आहे, आता तिला कशाला छळायचं, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, की पायावर भार घ्यायचे दिवस हेच आहेत. आत्ता खुर्चीची सवय लागली तर पाय आखडेल आणि त्या मग कधीच उठणार नाहीत. मुलाला ते कळत नव्हतं असं नाही. पण आईला धडपडताना बघवत नव्हतं बिचाऱ्याला.

सून तर लेकीच्या वरताण करत होती. बाईंनी चमचा उचलला तरी कौतुक, बटण लावलं तरी कौतुक. “तुम्हीच म्हणाला होतात ना, हुरूप वाढवा म्हणून?” तिने विचारलं. खरंच होतं ते. डॉक्टर सगळ्याच घरी तसं सांगत.

जिन्यात नात पायरीवर बसली होती. आजी आता कॅरमसुद्धा खेळत नाही, अशी तिची तक्रार होती. “आणि मी तर रोज तिलाच जिंकू देते.”

“मग काय म्हणते आजी?”

“म्हणते, ज्या खेळात मला हरताच येत नाही, तो मी कशाला खेळू?”

डॉक्टर उतरता उतरता थांबले. मग कठड्याला धरून त्याच पायरीवर, तिच्या शेजारी बसले.

शाळेत ते लिंबूटिंबू होते. लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसलेला. पोरं तशी वाईट नव्हती. जाड बुटाच्या पोराला खेळात घ्या असं आधीच्या मास्तरांनी बजावलं होतं, म्हणून घेत. चुन्याने आखलेलं मोठं रिंगण, आत निम्मी पोरं, बाहेरून रबरी चेंडूचा मारा. चेंडू लागला की बाद. बाद झालेल्याने पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. याला चेंडू लागला की मात्र सगळे म्हणत, “त्याचं धरायचं नाही.” एकेक जण बाद होऊन कट्ट्यावर जाई, तिथे ढकलाढकली चाले, चिडवाचिडवी चाले, आणि हा रिंगणात एकटा उरे. पाठीवर चेंडूचे डाग घेऊन. शेवटी कोणीतरी ‘संपला डाव’ म्हणे, आणि जिंकला असंही कोणी म्हणत नसे.

मग बाई आल्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आवाज फाटकापर्यंत जाणारा. आल्याच दिवशी याच्या खांद्यावर चेंडू बसला आणि शिट्टी वाजली.

“बाद.”

पोरांनी एकच गिल्ला केला. बाई, तो लिंबूटिंबू आहे, त्याचं धरत नाहीत.

“माझ्या मैदानावर लिंबू नाही आणि टिंबू नाही. चेंडू लागला की बाद. चल रे, रिंगणात थांबायचं नाही.”

तो कट्ट्याकडे चालत गेला. कानशिलं तापली होती आणि छातीत काहीतरी नाचत होतं. कट्ट्यावरच्या एका पोराने न बघताच सरकून जागा केली आणि कुरकुरला, “मीपण आत्ताच गेलो. फार जोरात मारतात रे.” बस, एवढंच. घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, आज मी बाद झालो. आईला वाटलं, पोराचं काहीतरी बिनसलं. तिने त्याला जवळ घेतलं, आणि हा आपला हसतोच आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी त्याला शाळा भरायच्या आधी मैदानावर बोलावलं आणि वाकायला, वळायला, अंग चोरायला शिकवलं. “पाय आखूड आहे तुझा, कंबर नाही,” म्हणायच्या. ती सकाळच्या व्यायामाची सवय डॉक्टरांची अजून सुटलेली नव्हती.

जिन्यात नातीशी बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टर खिशात खडू घेऊन आले. गुडघ्यावर बसले आणि बाईंच्या खुर्चीभोवती फरशीवर मोठं रिंगण काढलं. सुनेने नुकतीच फरशी पुसली होती; ती बघतच राहिली.

“हे काय डॉक्टर?” बाईंनी विचारलं.

“खेळ.” त्यांनी नातीला रिंगणात, खुर्चीच्या बाजूला उभं केलं. चेंडू हातून सुटला की बाद, बाद झाला की रिंगणाबाहेर, एवढाच नियम सांगितला आणि तिच्याकडे चेंडू फेकला. तिच्या हातून तो निसटला. ती फुरंगटून समोरच्या सोफ्यावर जाऊन बसली.

मग त्यांनी बाईंकडे फेकला. रोजच्यासारखा अलगद नाही, सरळ. चेंडू उजव्या हाताच्या बोटांना लागला आणि खाली पडला. सुनेचे हात टाळीसाठी वर आले होते.

“बाद,” डॉक्टर म्हणाले.

सुनेचे हात तसेच राहिले. मुलगा दारातून पुढे झाला, “अहो, काय हे?” म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तेही घाबरले होते. बाई रडल्या असत्या तर काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली.

“तयारी आहे का, विचारलंस?”

“तुम्ही कधी विचारलं होतं?”

“वचपा काढतोयस.”

“बाई, बाद झालेल्याने रिंगणात थांबायचं नाही. तुमचाच नियम आहे.”

बाईंनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर रोवला. मुलगा धावणार, तोच डॉक्टरांनी हात आडवा केला आणि स्वतः बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले, कमरेपाशी तळवा धरून, पण न टेकवता. बाई उठल्या. उजवा पाय थरथरला. त्यांनी एकदा डॉक्टरांच्या जाड बुटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे, आणि पाऊल टाकलं. खडूची रेष त्यांच्या सपातेने थोडी पुसली. सोफा चार पावलांवर होता, तरी पोचायला वेळ लागला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नात सरकली. “मीपण आत्ताच बाद झाले आजी,” ती म्हणाली. “फार जोरात टाकतात ते.”

“टाकू दे,” बाई धापा टाकत म्हणाल्या. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता आणि डोळे ओले होते. “आता कोणाचा डाव? तू ये रे, तिथे काय उभा राहिलास?”

मुलगा रिंगणात आला. डोळे पुसत होता, तेवढ्यात डॉक्टरांनी फेकलेला चेंडू छातीवर आपटून खाली गेला. “आई, मी बघत नव्हतो,” तो म्हणाला.

“बाद,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी फाटकापर्यंत जाणारा नव्हता, पण खालच्या मजल्यावर गेला असेल.

तो सोफ्याकडे आला. बाईंनी डावा हात टेकवला, उजवा पाय ओढून घेतला आणि सरकून त्याला जागा केली.