टोकापासून विंचरायचं

लग्न ठरवून रावेका फ्रान्सहून गावी आली, तेव्हा अख्ख्या गल्लीने आधी तिचे केस पाहिले आणि मग तिची खुशाली विचारली. केस होतेच तसे. कानापर्यंत तांबूस, तिच्या आईचे होते तसे, आणि कानाखाली थेट कमरेपर्यंत पिवळे. तिकडे हॉटेलात चादरी बदलायचं काम करताना तिने वर्षानुवर्षं ते रंग काढून काढून पांढुरके करून घेतले होते, कारण बरोबरच्या सगळ्याच पोरी तसं करत होत्या. आता त्या पिवळ्या केसांना फाटे फुटले होते, हात लावला की मोडत होते, आणि टोपी काढली की एकमेकांत असे अडकून बसायचे की सुटायचं नाव नाही.

एरवी कुणी लक्ष दिलं नसतं. पण ओआशच्या खोऱ्यात, म्हणजे रावेकाच्या मुलखात, घर किती मजली आहे ते माणसं लांबून बघतात आणि नवरीची वेणी जवळून. माथ्यापासून बारीक बारीक पेड घेत, चटईसारखी सपाट विणलेली ती वेणी पाठीवर येते, आणि चर्चमध्ये पाद्रीबाबा काय म्हणतायत याकडे लक्ष न देता मागच्या बायका तिचे पेड मोजत असतात. हल्ली बहुतेक पोरी परदेशातून येतात, बहुतेकींच्या केसांची वाट लागलेली असते, त्यामुळे विकतचे केस आत गुंफून काम भागवतात. सगळ्यांना ठाऊक असतं, तोंडावर कुणी बोलत नाही.

रावेकाची आई तोदोरा हिनेही केसांची एक जाडजूड लड आणून कपाटात ठेवली होती. मुलगी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ती बाहेर काढली.

"रंग बघ, तुझ्या वरच्या केसांशी अगदी जुळतो. खालचं पिवळं कापून टाकू, हे लावू. झालं."

"माझ्या वेणीत माझे केस राहतील," रावेका म्हणाली.

"तुझे आहेत कुठे? अर्धे तुझे, अर्धे बाटलीचे."

"बाटलीचे का असेनात, माझ्याच डोक्यात उगवलेत. लग्न पुढच्या उन्हाळ्यात आहे. वरून वाढू दे, खालून बोट बोट कमी करत जाईन. वेणीपुरते उरतील."

"आणि ऐन वेळी तुटले म्हणजे?"

"नाही तुटणार."

तिचा हा 'नाही तुटणार' म्हणण्याचा स्वभाव बापाकडून आला होता. बाप अजून फ्रान्सलाच होता, दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करत.

जुन्या पद्धतीची वेणी घालणारी गावात एकच उरली होती, पालागिया. आडव्या अंगाची, तोंडाने फटकळ, आणि हात असे की कणीक तिंबावी तसं डोकं धरायची. दोघी मायलेकी तिच्याकडे गेल्या. पालागियाने रावेकाची एक पिवळी बट हातात घेतली, उजेडाकडे धरली, दोन बोटांनी ओढली. ती तटकन तुटली.

"हे केस नव्हेत, हा पेंढा आहे," पालागिया म्हणाली. "माझ्या फणीखाली नवरीचा केस तुटला तर अपशकुन तिला होतो, पण नाव माझं जातं. मी नाही बाई हात लावणार."

"मावशी, तुम्ही अट घाला, मी पुरी करते," रावेका म्हणाली.

पालागियाला अशी उत्तरं ऐकायची सवय नव्हती, पण आवडली असावीत. "बरं. ईस्टर झाला की ये. माथ्यावर फणी लावीन आणि एका दमात खालपर्यंत नेईन. न अडता गेली, तर तुझ्याच केसांची वेणी. अडली, तर आईने आणलेली लड गुमान लावून घ्यायची. आहे कबूल?"

तोदोरा काही बोलायच्या आत रावेका कबूल म्हणून मोकळी झाली.

तो हिवाळा रावेकाने केसांत घालवला म्हटलं तरी चालेल. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस गाळून ठेवायचा. धुतल्यावर ओल्या केसांना तो चोळायचा, रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा, अक्रोडाच्या तेलाचे दोन थेंब टोकांना लावायचे, सैल वेणी घालून रेशमी रुमालात बांधून झोपायचं. पदार्थ चुलीवर ठेवल्यासारखी ती केसांवर नजर ठेवून असे. दर महिन्याला थोडंसं पिवळं कात्रीखाली जाई आणि वरून तांबूस पुढे येई. तिचा होणारा नवरा ग्रिगोर बांधकामावरून फोन करायचा तेव्हा आधी केसांची चौकशी करायचा, कारण तेवढी अक्कल त्याला आली होती.

आईला मात्र हे सगळं बघवत नसे. तोदोराच्या मते केस विंचरायचे म्हणजे कंगवा माथ्यात रोवायचा आणि खाली ओढायचा. एकदोनदा तिने तसा प्रयत्न केला. रावेकाने तिच्या हातातून कंगवा काढून घेतला.

"आई, नांगरायचं नाहीये."

"मदत करतेय तर त्याचंही दुखतं तुला."

"दुखतं म्हणून नाही. तुटतात."

ख्रिसमस आणि ईस्टरआधीच्या उपवासांच्या मधल्या दिवसांत चुलतबहिणीचं लग्न निघालं. रावेका करवली. करवलीलाही वेणी लागतेच, आणि पालागिया नवरीच्या डोक्यात गुंतलेली. "मी घालते," तोदोरा म्हणाली, आणि इतक्या आशेने म्हणाली की रावेकाला नाही म्हणवलं नाही. ओआशमध्ये वेणी बसून राहावी म्हणून केसांना साखरेचं पाणी लावतात. चमचाभर साखर पुरते. तोदोराने विचार केला, पोरीचे केस अशक्त आहेत, त्यांना जास्त लागणार. तिने वाटीभर साखर घातली, पाक होईपर्यंत आटवली, आणि माथ्यापासून टोकापर्यंत चोपडली. वेणी दगडासारखी बसली. बायकांनी वाखाणली. रावेका दिवसभर नाचली, घामाघूम होऊन बर्फात उभी राहिली, परत नाचली, आणि घरी येऊन होती तशी आडवी झाली.

सकाळी वेणी सुटेना. घाम, बर्फ आणि पाक एक होऊन मानेपाशी पावाच्या करपलेल्या कडेसारखा गोळा झाला होता. नेमका जिथे तांबूस संपून पिवळं सुरू होतं, तिथेच. तोदोराने एकदा बघितलं, तोंडावर हात ठेवला, आणि शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आली.

"माझंच चुकलं. मेली मी. पण आता हे निघत नाही गं. कापून टाकू, लड आहेच."

"कात्री खाली ठेव."

"रावे, दुसरा उपाय—"

"आई, कात्री खाली ठेव. एकदा कापलेत ना? पुन्हा नाही."

तोदोराने कात्री खाली ठेवली. कशाबद्दल बोलणं चाललंय ते तिला विचारायची गरज नव्हती. रावेका शाळेत जायला लागली त्या सालीच तोदोरा आणि तिचा नवरा फ्रान्सला गेले होते, हे घर बांधायला पैसे कमवायला. पोर आजीकडे राहिली. आजीकडे गाई होत्या, गुडघे दुखत होते, रोज कोण विंचरत बसणार म्हणून तिने मेंढीची लोकर कापायच्या कात्रीने नातीचे केस मुलासारखे करून टाकले, आणि वाढले की पुन्हा करत राहिली. तोदोरा दर ऑगस्टला गाडी भरून यायची. येताना केसांच्या क्लिपा आणायची, फुलपाखरांच्या, चेरींच्या. लावायला केस नसायचे. रावेका त्या क्लिपा पडद्याला लावून ठेवायची.

"मी तुला दोष देत नाही," रावेका म्हणाली. "तुम्ही हौसेने गेला नव्हतात, ते मला आता तिकडे राबून कळलंय. पण केस कापायचे नाहीत. बस इथे माझ्या मागे. पाणी कोमट कर, आधी साखर विरघळू दे."

पुष्कळ पाणी गेलं. मग जवसाचा रस, मग तेल. कंगवा अजून लांबच होता, आधी बोटं. रावेकाला मागचं दिसत नव्हतं, त्यामुळे ती नुसती सांगत होती आणि तोदोरा करत होती.

"सगळ्यात खालचं टोक घे. वरून मुठीत घट्ट धर, म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही. आता टोकाचा तेवढाच गुंता सोडव. सुटला? आता बोटभर वर ये."

"एवढंसंच?"

"एवढंसंच. वरून ओढलंस की सगळे गुंते खाली जाऊन एकत्र होतात, मग देवालाही सुटायचे नाहीत."

पहिल्यांदा तोदोराचे हात धडपडले. मग त्यांना लय सापडली. दुपारचं जेवण राहिलं, शेजारीण डोकावून गेली, "अजून चाललंय का?" म्हणून खवचटपणे हसून गेली. गाईंच्या धारांची वेळ झाली तेव्हा शेवटची बट मोकळी झाली. मूठभर केस गेले होते. तोदोराने ते उचलून चुलीत टाकले, पाखरांनी घरट्यात नेले तर पोरीचं डोकं दुखेल म्हणून. मग तिने स्वच्छ कंगवा घेतला आणि कुणी सांगितलं नसताना टोकापासून सुरुवात केली. त्या दिवसानंतर रावेकाचे केस रोज संध्याकाळी तोदोराच विंचरू लागली.

ईस्टर झाला. पालागियाने रावेकाला खिडकीपाशी बसवलं, माथ्यावर बारीक फणी लावली आणि खाली नेली. फणी मानेपर्यंत लोण्यातून जावी तशी गेली, आणि तांबूस-पिवळ्याच्या सांध्यावर थांबली.

"अडली," पालागिया म्हणाली. तिला आनंद झाला नव्हता, पण शब्द म्हणजे शब्द.

अट रावेकानेच मागून घेतली होती, आता रडगाणं गाणाऱ्यातली ती नव्हती. पण तोदोरा खुर्चीवरून उठली.

"ताई, वाऱ्यातून चालत आलोय आम्ही. तुम्ही सरळ वरून फणी घुसवलीत. आधी खालून मोकळे तर करा."

"तू मला विंचरायला शिकवतेस? तुझ्या सासूच्या डोक्याला हात लावलाय मी."

"आणि तेव्हापासून गावातल्या सगळ्या नवऱ्या तुमच्या हाताखाली बोंबलतायत. त्यांचे केस दणकट होते म्हणून टिकले. हिचे नाहीत. द्या इकडे फणी."

पालागिया तिच्याकडे बघतच राहिली. जन्मात कुणी तिच्या हातातली फणी मागितली नव्हती. तिने ती दिली, बहुधा तोंडघशी पडलेली तोदोरा बघायची होती म्हणून. तोदोराने बट मुठीत धरली, टोक सोडवलं, बोटभर वर गेली, पुन्हा सोडवलं, असं करत माथ्याला पोचली. मग फणी परत केली. "आता न्या तुमची एका दमात."

फणी माथ्यापासून टोकापर्यंत गेली. पालागियाने ती उलटीसुलटी करून दातांत अडकलेले केस शोधले. थोडे होते.

"एवढे माझेही रोज गळतात," ती कुरकुरली. "लग्नाच्या दिवशी विंचरून तयार ठेवायचं काम तुझं. तेवढा वेळ माझ्याकडे नाही."

ऑगस्टमधल्या लग्नाच्या शनिवारी उजाडायच्या आधीच स्वयंपाकघर बायकांनी भरलं. एका कोपऱ्यात कोबीच्या पानांत सारण भरणं चाललं होतं, दुसऱ्या कोपऱ्यात आलुबुखाराची दारू फिरत होती, आणि मध्ये तिवईवर रावेका बसली होती. केस सोडलेले, कमरेच्या वीतभर वर संपणारे. खाली थोडंच पिवळं उरलेलं. बायकांनी माहेर सुटण्याची गाणी उंच आवाजात सुरू केली. नवरीने इथे रडायचं असतं. फणी ओढते, गाणं ओढतं, आणि नवरी रडते, असा शिरस्ता आहे. रावेका मात्र कोरड्या डोळ्यांनी आणि चांगल्या प्रसन्न चेहऱ्याने बसली होती.

"रड गं जरा," पालागिया कुजबुजली. "हसत वेणी घालून घेतली तर संसारात रडावं लागतं."

"कशाला रडू, मावशी? नवरा मी पसंत केलाय, त्याचं घर मागच्या गल्लीत आहे, आणि डोकंही दुखत नाहीये."

"हिच्या आईने सगळा गुंता काढून ठेवला, आता हिला रडवायचं कशाने?" कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

तोदोरा मागे उभी राहून विंचरत होती. बट मुठीत, टोक, बोटभर वर. पालागियाने बाह्या सावरल्या, साखरेचं पाणी हाताशी घेतलं, आणि वाट बघत राहिली. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. तोदोरा पुन्हा खालच्या टोकाशी गेली.

"अगं तोदोरा, आटप. मला दुपारपर्यंत पेड संपवायचेत."

तोदोराचा हात थांबला नाही.

"आई," रावेकाने मान न वळवता विचारलं, "अजून गुंता आहे का?"

"नाही गं," तोदोरा म्हणाली. "गुंता केव्हाच सुटला. पण विंचरू दे."

रावेकाने पाठ थोडी मागे टेकवली, आईच्या पोटाला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला तिने हात वर केला नाही, कारण डोकं हललं असतं. बायकांनी एकमेकींना खुणावलं आणि गाण्याचा आवाज खाली आणला.

पालागिया फटकळ होती, पण आंधळी नव्हती. तिने साखरेच्या पाण्याची वाटी खाली ठेवली, स्टूल ओढून घेतलं आणि बसली.

"चालू दे तुझं," ती तोदोराला म्हणाली. "मला घाई नाही."