एका खाटेच्या दोन पाळ्या

त्या वर्षी मी अर्धी खाट भाड्यानं घेतली होती. फीचा पहिला हप्ता भरल्यावर हातात जे उरलं, त्यात पूर्ण खाट बसत नव्हती. खोली एका शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या दुकानावर होती. त्यांचा नियम सरळ होता. "खोलीत एका वेळी एकच. दोघी दिसलात की भाडं दोघींचं." जिन्याच्या पायथ्याशीच त्यांचं मशीन होतं, त्यामुळे डोळा चुकवायची सोयच नव्हती.

माझी रातपाळी होती, एका दवाखान्याच्या धुलाईघरात. चादरी यंत्रात घालायच्या, वाळवायच्या, घड्या करायच्या. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत खाट माझी, मग मी वर्गाला. बाकीचा वेळ खाट दुसरीची. ती शिक्षिका व्हायला शिकत होती, पण सगळे तिला आतापासूनच मास्तरीण म्हणायचे. आमची भेट सकाळी जिन्यात, मिनिटभर. "गादी गरम आहे, लगेच पड," असं म्हणून ती उतरून जायची.

एके दिवशी ती जिन्यात भेटली नाही. वर गेले तर खाटेवरच, भिंतीकडे तोंड करून, अंगात स्वेटर, वर चादर, त्यावर टॉवेल.

"सात वाजले," मी म्हटलं.

"अंगात ताप आहे गं. आज पडू दे मला."

"डॉक्टरकडे गेलीस?"

"तिकडे पैसे दिले तर महिनाअखेर काय खाऊ? उतरेल आपोआप."

मी कपाळाला हात लावला. चटकाच बसला. ती भिंतीकडे सरकली. "ये, मावू दोघी."

दुपारी दोनला माझा रसायनशास्त्राचा पेपर होता. नापास झाले असते तर निम्मी फीमाफी गेली असती. त्यात खाली काकूंचं मशीन थांबलं, किंवा मला तसं वाटलं.

"काकू वर आल्या तर? जास्तीचं भाडं कुठून आणू? पेपर आहे माझा. वेळ माझी आहे, मास्तरीण."

ती उठून बसली. चपला सापडायला तिला बराच वेळ लागला आणि मी नुसती बघत उभी राहिले. "वाचनालयात टेकते जरा," म्हणाली. जिना उतरताना ती दोनदा थांबली, ते मला ऐकू आलं. मला झोप लागली नाही, असं सांगायला आवडलं असतं. पण मी मेल्यासारखी झोपले.

पेपर चांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परतले तर चादर मी सोडली होती तशीच. "काल रात्री कुणी वर गेलंच नाही," काकू म्हणाल्या. वाचनालयाच्या रखवालदारानं सांगितलं, की ती बाकावरून खाली पडली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होता. भेटू दिलं तिसऱ्या दिवशी. तिनं नाकावरचा मास्क जरा बाजूला केला.

"पेपर?"

"बरा गेला."

"मग झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

ती वाचली, पण डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली. तिचं शिक्षणाचं वर्ष वाया गेलं. तिचे वडील आले. ते गाड्या दुरुस्त करायचे. नखांतलं काळं ऑइल कायमचं होतं. फी परत मिळावी म्हणून ते कचेरीत अर्ज घेऊन गेले. सत्र सुरू झाल्यावर फी परत मिळत नाही, असं कारकुनानं मान वर न करता सांगितलं. त्यांनी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मग ते तिचं सामान न्यायला आले. काकूंनी तेवढ्यापुरतं आम्हा दोघांना वर जाऊ दिलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"दुसरी खाट कुठंय?"

मी सांगितलं. ते खाटेच्या कडेला टेकले आणि गादीवर हात ठेवून बसून राहिले. "फोनवर तर म्हणायची, दोघी असतो, गप्पा मारत झोपतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं फार कौतुक करायची. तू होतीस म्हणून आम्हाला घोर नव्हता, पोरी."

"काका, त्या दिवशी सकाळी..."

"असू दे," ते म्हणाले. मला रडू येतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी पाकिटातून काही कागद काढले. "ही तिची जेवणाची कुपनं. परत घेत नाहीत म्हणे. तुला होतील."

मी घेतली.

आठवड्याच्या आत मी दुसरी मुलगी शोधली. निकालात माझी फीमाफी राहिली. कुपनं अकरा होती, प्रत्येकावर तिची गोल, सुबक सही. अकरा दिवस मी दुपारी पोटभर जेवले. वाढणाऱ्यानं एकदाही सहीकडे पाहिलं नाही.