सड्यावरची धार

समोरच्या डोंगराला वणवा लागलेला दिसला तेव्हा बनाबाई गोठ्यातलं शेण भरत होती. तिनं हात थांबवला नाही. मेढ्याहून जीप येणार, हे तिला ठाऊकच होतं.

आलीच. वनरक्षक शिवतेज खाली उतरला. "आजी, चला. सगळा धनगरवाडा खाली शाळेत न्यायचाय. सायबांचा हुकूम हाय."

"आन् म्हसरं?"

"दावी सोडा. जनावर आपलं आपण पळतंय."

गेल्या साली असंच झालं होतं. माणसं जीपमध्ये बसली, म्हशी मोकळ्या सोडल्या. पळाल्याही त्या, थेट वर सड्यावर, उघड्या कातळावर, जिथं जळायला गवताची काडी नाही. पण धारेची वेळ झाली आणि सासुरवाशिणींसारख्या ओळीनं घरी परतल्या. सगळ्यात पुढं बनाबाईची रुपी. दुसऱ्या दिवशी बनाबाई शाळेतून वाड्यावर परत आली, तर जिची तिची खुंटी आणि खुंटीपाशी जी ती जळालेली. तेव्हापासून तिला ना रडू आलं, ना हसू. नव्या म्हशी आणल्या, त्यांची धार काढायची, भाकरी गिळायची, एवढंच.

"आमी सड्यावर जातो," ती म्हणाली. "म्हसरांसंगं."

"आजी, माज्यावर जबाबदारी येतीया."

"गेल्या साली कुणावर आलती रं?"

सून मंगल चाचरत म्हणाली, "आत्याबाई, पोरं तरी धाडू का खाली?"

"तुजी पोरं, तू ठरीव. ज्याला जीप पायजे त्यानं जीप धरावी. माजी ना न्हाई. पर आमाला हाकायचं न्हाई कुणी. आमी काय शेरडं हाय?"

वाडा घटकाभर बोलला. पोरं, लेकुरवाळ्या आणि म्हातारा धुळा जीपमध्ये बसले. बाकीचे म्हशी घेऊन वर निघाले. शिवतेजनं साहेबाला फोन लावला, शिव्या खाल्ल्या, मग जीपमधला पाण्याचा कॅन खांद्यावर मारून मागोमाग चढू लागला.

सांजेला खाली धूर वाड्यात शिरला. इकडं म्हशींनी माना घराकडं वळवल्या, पाय उचलले.

बनाबाई त्यांच्या वाटेत आडवी आली. तिथंच कातळावर चरवी घेऊन बसली आणि एकेकीला नावानं बोलवत धार काढू लागली.

"ये, चांदे. ये, भुरे."

एकेक येत गेली, उभी राहत गेली. खाली छपरं पेटली. मंगल तोंडाला पदर लावून बघत होती. बनाबाईनं तिकडं पाहिलं नाही.

"ये, रुपे," ती सवयीनं म्हणाली.

कुणी आलं नाही. तिनं हात थोडा वेळ तसाच पुढं धरला. मग पुढच्या म्हशीचं नाव घेतलं.